सात डॉलर आणि तेरा डॉलर

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) मराठी वाचकाला दोन वाटांनी ठाऊक असते. तिथला कापूस अडल्यामुळे मुंबईत आलेली तेजी आणि १८६५ मध्ये बुडालेल्या शेअरपेढ्या ही एक वाट. दुसरी जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची. १८७३ मधला हा ग्रंथ जोतीरावांनी गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. ही कृतज्ञता रास्तच होती. पण सोडवणारे आणि सुटणारे असे दोन वेगळे गट आपण मनात धरतो, तिथे गफलत होते. उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते, नौदलात आणखी सुमारे १९ हजार. त्यांतले बहुसंख्य कालपरवापर्यंत गुलाम होते.

त्यांना सैन्यात घ्यायला उत्तरेची सुरुवातीला तयारी नव्हती. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा भरतीसाठी आलेल्या कृष्णवर्णीयांना परत पाठवण्यात आले. १७९२ च्या मिलिशिया कायद्यात फक्त गोऱ्यांना जागा होती. शिवाय, केंटकीसारखी गुलामी पाळणारी पण संघराज्यात राहिलेली राज्ये बिथरतील, ही राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची धास्ती. पेच सोडवला तो पळून आलेल्या गुलामांनी. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या किल्ल्यात तिघे जण आश्रयाला आले. तिथले उत्तरेचे जनरल बटलर यांनी त्यांना ‘शत्रूचा जप्त माल’ ठरवून ठेवून घेतले. माणसाला माल ठरवूनच त्याची सुटका करायची, असा तो अजब तोडगा होता. त्या तिघांच्या मागोमाग हजारो आले. युद्ध लांबले, गोऱ्यांची भरती मंदावली आणि १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली.

दार उघडले, पण दर वेगळा लावून. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता. कृष्णवर्णीयाला १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हाती ७. याला १८६२ च्या कायद्याचा आधार होता. तो कायदा करताना डोळ्यांपुढे खंदक खणणारे, ओझी वाहणारे मजूर होते. प्रश्न सहा डॉलरांपुरता नव्हता. आपण शिपाई आहोत की लष्कराने ठेवलेले हमाल, हे त्यातून ठरणार होते.

मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या कृष्णवर्णीय पलटणीने हा प्रश्न ज्या रीतीने लढवला, ती आम्हाला तिच्या रणांगणावरील पराक्रमाइतकीच मोठी वाटते. १८ जुलै १८६३ रोजी दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट वॅग्नरवर या पलटणीने चढाई केली. तिचे प्रमुख कर्नल शॉ पडले, पलटणीची प्रचंड हानी झाली. त्याच पलटणीने कमी पगार घ्यायला नकार दिला. राज्य सरकार फरक भरून द्यायला तयार झाले, तर तेही नाकारले. घरी बायकापोरांची उपासमार होत असताना सुमारे दीड वर्ष हे लोक बिनपगारी लढत राहिले.

सर्वांच्याच वाट्याला इतकी सहनशीलता दाखवण्याची संधी आली नाही. दक्षिण कॅरोलिनात उभारलेल्या उत्तरेच्याच एका कृष्णवर्णीय पलटणीचे सार्जंट विल्यम वॉकर यांच्या तुकडीने नोव्हेंबर १८६३ मध्ये कर्नलच्या तंबूपुढे बंदुका ठेवल्या. समान पगार नसेल तर सेवाही नाही, असे त्यांचे म्हणणे. वॉकर यांना बंडाच्या आरोपाखाली गोळ्या घालण्यात आल्या. पगार देताना ज्याला शिपाई मानायला कायदा सापडला नाही, त्याला शिपाई म्हणून ठार करायला मात्र सापडला, अशा आशयाचा शेरा मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर अँड्र्यू यांनी मारला.

जून १८६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने समान पगार मान्य केला, पण भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच. म्हणजे पळून आलेला गुलाम इथेही मागे. ५४ व्या पलटणीच्या कर्नल हॅलोवेल यांनी यावर शपथेची युक्ती काढली: त्या तारखेला आपल्यावर कोणाच्याही फुकट चाकरीचे देणे नव्हते, असे शिपायाने सांगायचे. देवाच्या कायद्याने पाहिले तर कोणत्याच गुलामावर ते नव्हते. उरलेल्या काही पलटणींना पूर्ण न्याय मिळायला मार्च १८६५ उजाडला.

याच महिन्यात दक्षिणेनेही गुलामांना सैन्यात घेण्याचा कायदा केला. गुलाम चांगले शिपाई ठरले तर गुलामीमागची आपली सारी उपपत्तीच खोटी पडेल, असे दक्षिणेचे जनरल हॉवेल कॉब यांनी जानेवारीतच बजावले होते. त्या कायद्याखाली थोड्याच लोकांची भरती झाली. ३ एप्रिलला दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली आणि शहरात आधी शिरलेल्या उत्तरेच्या फौजांत कृष्णवर्णीय पलटणी होत्या.