कोरी जीन्स आणि न धुण्याचा पंथ

रॉ डेनिम वापरणाऱ्यांचा एक पंथ आहे, आणि या पंथाचा पहिला नियम म्हणजे जीन्स धुवायची नाही. सहा महिने नाही, जमलं तर वर्षभर नाही. आमच्या ऑफिसातच दोन अनुयायी आहेत, लिफ्टमध्ये ओळखू येतात. मीही गेली काही वर्षं कोरी जीन्सच घालतो, पण पंथाच्या हिशेबात मी नास्तिक. जीन्स हा कपडा आहे आणि कपडा मळला की धुवायचा, एवढंच माझं म्हणणं.

ज्यांना हा सगळा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी: कोरी म्हणजे शिवून झाल्यावर एकदाही न धुतलेली. कडक, पुठ्ठ्यासारखी. पहिल्या दिवशी खाली बसायचं तर गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते :) दुकानातल्या बाकीच्या जीन्स कारखान्यातच धुऊन, घासून 'जुन्या' करून आलेल्या असतात.

हा जुनेपणा कुठून येतो ते बघा. फिकट पट्टे उमटवायला कापडावर जोरात वाळू मारायची पद्धत होती. ती बारीक धूळ श्वासातून आत जाऊन तुर्कस्तानात कितीतरी तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला. बरा न होणारा फुफ्फुसांचा आजार. २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली, २०१० पासून मोठ्या कंपन्याही ती सोडायला लागल्या. मांडीवरचे पांढरे पट्टे मला माझ्या स्वतःच्या वापराने हवेत, ते यासाठी. फॅशनचं नंतर बघू.

आता रंग जातो का? जातो, जायलाच हवा. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे. उभ्या धाग्यांचे दोरखंड निळीच्या हौदात बुडवायचे, हवेत काढायचे, परत बुडवायचे. तरी नीळ धाग्याच्या वरच्या थरातच बसते, गाभा पांढरा राहतो. घासलं की तो दिसायला लागतो. आणि म्हणूनच 'मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होईल' हा घरोघरीचा सल्ला इथे फुकट जातो. ही नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही, धाग्याला नुसती चिकटून असते. मीठ तिला काय धरून ठेवणार? तुरटीचं आणि व्हिनेगरचंही तेच.

आटण्याची भीती मात्र खरी आहे. विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागलं की कापूस फुगतो, ताण सुटतो आणि धागा आखडतो. म्हणून आधी लांबी जाते. यावर सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन माणसाने १९३० च्या सुमारास तोडगा काढला: कापड कारखान्यातच ओलसर करून दाबून आधीच आटवून ठेवायचं. ते सॅनफोराइज्ड. असं कापड नंतर १ ते ३ टक्के आटतं, न केलेलं १० टक्क्यांपर्यंत. ३४ इंचाच्या पायाला १० टक्के म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच! तेव्हा घेतानाच विचारा. सॅनफोराइज्ड नसेल तर आधी पाणी, मग टेलर. उलट केलंत तर जीन्स घोट्याच्या वर.

पंथाचे लोक दोन दाखले देतात. एक, लिव्हाइसचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग २०१४ मध्ये म्हणाले होते की अंगावरची जीन्स वर्षभर धुतलेली नाही. दुसरा, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातला २०११ चा प्रयोग: १५ महिने न धुतलेल्या जीन्सवरचे जंतू आणि धुऊन १३ दिवस वापरलेल्या जीन्सवरचे जंतू, संख्या साधारण सारखीच. मान्य. पण ते एडमंटन. मे महिन्यात दादरच्या पुलावरून उतरून मग बोला. शिवाय घाम आणि धूळ धाग्यात राहिली की कापड मांड्यांच्या मध्ये विरतं, आणि महागाची जीन्स नेमकी तिथेच फाटते. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय तर सोडूनच द्या. थंडीत बरेचसे जंतू फक्त झोपतात, आणि आई आइस्क्रीमच्या शेजारी पँट चालवून घेणार नाही.

माझी पद्धत सोपी आहे. महिना-दीड महिन्याने, किंवा वास आला की. बटणं लावायची, उलटी करायची, बादलीत गार पाणी. उन्हाळ्यात हे सकाळीच करावं, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं. नेहमीची पावडर नको, तिच्यात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात आणि निळा रंग त्यांनी विचित्र दिसतो. रिठ्याचं पाणी उत्तम, जे घरात रेशमी साड्यांसाठी वापरतात तेच. अर्धा तास भिजत ठेवायची, हाताने दाबायची, दोन पाण्यांतून काढायची. ब्रश नाही, धोपटणं नाही, पिळणं नाही. मशीनमध्ये पीळ पडतात आणि त्या घड्यांवर रंग उडून रेघा उमटतात. ड्रायर तर अजिबात नको, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की उरलंसुरलंही आटतं. सावलीत, पाय वर करून टांगायची. कंबर घट्ट वाटली तर किंचित ओलसर असतानाच घालून घरात फिरायचं, तासाभरात सैल होते.

हे स्वतः करायचं, कामवाल्या मावशींवर टाकायचं नाही. हात निळे होतात ते आपले व्हावेत.

पावसाळ्यात १४ औंसाची जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. जून ते सप्टेंबर मी साध्या सुती पँटी घालतो.