सकाळचं पहिलंच पाऊल टाकताना टाच का दुखते? भरतीची तयारी करणाऱ्यांनी 'प्लांटर फॅसायटिस'कडे दुर्लक्ष का करू नये?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, वजन आणि शुगर आटोक्यात ठेवण्यासाठी चालणारे. दुसरे, हातात स्टॉपवॉच घेऊन पळणारी विशी-बाविशीतली मुलं-मुली. या दोघांना जोडणारी एक तक्रार आहे. अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते, दहा-बारा पावलं चाललं की ती कमी होते आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा सुरू होते.

याला म्हणतात प्लांटर फॅसायटिस. साधारण दहातल्या एका माणसाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, असं मानलं जातं. पण ज्याची नोकरीच पळण्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही नुसती टाचदुखी राहत नाही.

५० पैकी २० गुण पायावर

महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण आहेत. १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. एसआरपीएफसाठी तर ५ किलोमीटर पळावं लागतं. काही सेकंद इकडचे तिकडे झाले तरी गुण जातात.

खरी गडबड वेळापत्रकात आहे. अनेकजण वर्षभर लेखीचा अभ्यास करतात आणि जाहिरात निघाली की एकदम मैदानात उतरतात. काल शून्य, आज पाच किलोमीटर, पुढच्या आठवड्यात रोज दोन वेळा. फुप्फुसं आणि स्नायू या वाढीशी काही आठवड्यांत जुळवून घेतात. तळपायातल्या चिवट ऊतींना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम टिकतो, वेळ सुधारत असते आणि नेमकी तेव्हाच टाच बोलायला लागते.

आत नेमकं काय होतं?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. तो प्लांटर फॅसिया. पायाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणून धरतो. पाऊल उचलताना बोटं वर वळली की हा पट्टा ताणला जातो, कमान वर उचलली जाते आणि पाय कडक होऊन शरीराला पुढे ढकलतो. ही रचना हिक्स या संशोधकाने १९५४ साली समजावून सांगितली होती. पळताना प्रत्येक पावलाला हे घडतं, म्हणजे किलोमीटरला शेकडो वेळा.

नावातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह, सूज. पण २००३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले नमुने तपासले गेले, तेव्हा त्यात दाहापेक्षा झीज आणि विस्कटलेले तंतू दिसले. त्यामुळे सूज उतरवणारी गोळी खाऊन आठवडाभर बरं वाटतं आणि पळायला लागलं की दुखणं परत येतं, यात नवल नाही. पोटऱ्या आखडलेल्या असणं, वाढलेलं वजन आणि दिवसभर कडक फरशीवर उभं राहण्याचं काम ही इतर कारणं. मार्बलच्या फरशीवर घरात अनवाणी वावरण्याची आपली सवयही दुखऱ्या टाचेला मदत करत नाही.

'हाड वाढलंय' म्हणजे?

एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखं टोक दिसलं की घरचे घाबरतात. प्रत्यक्षात असं टोक असलेल्या अनेकांना काहीच दुखत नाही आणि दुखणाऱ्या अनेकांना टोक नसतं. केवळ त्या टोकासाठी ऑपरेशनचा विचार करण्याची घाई नको.

कविता राऊत अनवाणी धावली, मग आपण का नाही?

हा युक्तिवाद रील्समध्ये सारखा दिसतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची, हे खरं आहे. पुढे नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे ती घडली. २०१० मध्ये तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य मिळवलं. पण तिचे पाय डोंगरवाटांवर बालपणापासून तयार झाले होते, आणि ती अनवाणी धावली ते आवड म्हणून नाही, बूट नव्हते म्हणून. वीस वर्षं चपला-बूट घालून वावरलेल्या पायाने डांबरी रस्त्यावर एका सकाळी अनवाणी सुरुवात करणं ही वेगळीच गोष्ट आहे.

मग बरं कसं व्हायचं?

दिलासा हा की, बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेविना बरं होतं. वाईट बातमी ही की, त्याला महिने लागतात, कधी वर्षही.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ४८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. सुरुवात बारा वेळा, दिवसाआड. पुढे पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन वजन वाढवायचं. तीन महिन्यांनी या गटाला नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखे होते. म्हणजे हा व्यायाम जादू नाही, पण ज्याची मैदानी चाचणी चार महिन्यांवर आहे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

सकाळी उठण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीच्या दिशेने ओढून धरणं, पोटरीचं स्ट्रेचिंग आणि टाचेला आधार देणारे बूट यांनीही फायदा होतो. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतला की छान वाटतं, गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकणारेही घरोघरी आहेत. त्याने बरं वाटत असेल तर हरकत नाही. फक्त ऊतींना बळकट करायचं काम वजन पेलण्याच्या व्यायामानेच होतं, वाटीने नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल सावध राहायला हवं. चाचणीच्या तोंडावर ते घेण्याचा मोह होतो. आराम मिळतो, पण तो काही आठवड्यांचा. वारंवार घेतल्यास हा पट्टाच फाटण्याचा धोका वाढतो, आणि न दुखणाऱ्या टाचेवर मुलं जास्तच जोरात पळतात.

प्रत्येक पायदुखी हीच नसते

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत पी. व्ही. सिंधूच्या डाव्या पायात दुखणं सुरू झालं. ती खेळत राहिली, ८ ऑगस्टला सुवर्ण जिंकली. तपासणीत निघालं स्ट्रेस फ्रॅक्चर. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा हुकली आणि ती कोर्टवर परतली थेट जानेवारी २०२३ मध्ये. तिच्यामागे डॉक्टर आणि फिजिओंची फौज होती. तालुक्याहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलामागे ती नसते.

म्हणून फरक ओळखता यायला हवा. प्लांटर फॅसायटिसमध्ये चालून दुखणं आधी कमी होतं. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये ते चालेल तसं वाढत जातं, रात्री झोपेतही ठणकतं, टाच दोन्ही बाजूंनी दाबली तरी कळ येते. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. मुंग्या येणं, बधिरपणा, सूज किंवा पळताना 'टक्' असा आवाज होऊन अचानक पाय टेकवता न येणं, यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावं.

यातलं काही नसेल, तर धावणं पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही. अंतर निम्मं करायचं, चढ आणि स्प्रिंट काही आठवडे टाळायचे, दम टिकवायला सायकल किंवा पोहणं धरायचं. पळताना दुखणं सौम्य असेल आणि दुसऱ्या सकाळचं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखत नसेल, तर तेवढं अंतर पायाला झेपतंय. जास्त दुखलं, तर त्या दिवशी ट्रॅकवर न जाता पायरीवरचा व्यायाम करायचा.