मोटारीचं ऑईल : घट्टच कशाला?

ट्रॅक्टरच्या डब्यात दोन-तीन लिटर ऑईल उरलं की तेच दारातल्या मोटारीत ओतून आपण मोकळे होतो. वर ऐकवायचं, "वर्ध्याचं ऊन ४५ डिग्रीचं, इथं घट्ट ऑईलच टिकतं!" मीही कैक वर्षे हेच म्हणत आलो. हिशेब चुकीचा आहे.

डब्यावर १५ डब्ल्यू-४० किंवा ५ डब्ल्यू-३० असे आकडे असतात. पहिला थंडीतला, दुसरा, १०० अंशांना ऑईल किती घट्ट राहतं याचा. गरम झालेल्या इंजिनातलं पाणी वैशाख असो की पौष, थर्मोस्टॅट साधारण ९० अंशांच्या आसपासच राखतो. मग आर्वी-हिंगणघाटच्या उन्हासाठी वेगळं घट्ट ऑईल कशाला? उलट सकाळी गाडी चालू करताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झीज तेव्हाच जास्त होते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींत बहुधा काजळी गाळणारी जाळी असते. ट्रॅक्टरच्या साध्या ऑईलची राख तीत साचते. ती बदलायची वेळ आली की वाचवलेल्या दोन लिटरांची आठवणसुद्धा नकोशी होते. मोटारसायकलीत तर मोटारीचं ऑईल नकोच. तिचा क्लच ऑईलातच बुडालेला असतो, तो घसरू लागतो.

गाडीसोबतच्या पुस्तकात ग्रेड छापलेली असते, ती मेकॅनिकला दाखवावी. डबा सीलबंद घ्यावा. रिकामा झाला की त्याला भोक पाडावं, नाहीतर जळकं ऑईल भरून तोच पुन्हा आपल्या माथी मारला जायचा.