नखांवरची धूपछाव

गेल्या नवरात्राच्या आधीची गोष्ट. बडोद्यातल्या इतर घरांप्रमाणे आमच्या घरीही गरब्याची गडबड चालली होती. पुतणीची चणियाचोळी शिवून आली, ओढणीला आरसे लागले. राहिली ती फक्त नखे. मुळाशी फिका गुलाबी, टोकाशी गडद जांभळा, आणि मध्ये जोड म्हणून कोठे दिसता कामा नये, असा तिचा हट्ट. हल्लीच्या मुली ह्या प्रकाराला 'ओंब्रे' म्हणतात. ब्यूटी पार्लरमधला दर ऐकून तिची आई गप्प बसली आणि मुलगी आमच्याकडे आली. "काकू, रांगोळीत तुम्ही रंग इतके सुरेख मिसळता, मग नखावर का नाही जमणार?" ह्या स्तुतीला आम्ही भुललो, हे कबूल केलेले बरे.

वास्तविक ही कल्पना आपल्याला नवी नाही. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घालून विणलेले धूपछाव रेशीम आपल्या आज्यांनी नेसले आहे. लक्ष्मीविलास राजवाड्यातील राजा रविवर्म्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उजळ रंग नकळत सावलीत कसा उतरतो हे सांगायला नको. तेच नखाएवढ्या जागेत साधायचे, एवढाच फरक.

प्रथम जुना रंग काढावा म्हणून आम्ही कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून तिच्या नखावर क्षणभर दाबून धरला व मुळाकडून टोकाकडे पुसून घेतला. खरवडून रंग काढू नये. त्याबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघतो. दहाही नखे स्वच्छ झाली आणि आम्ही थबकलो. नखाखाली जो गुलाबीपणा दिसावा तो कोठेच नव्हता. नखे पांढुरकी होती, आणि दोन नखे तर मध्ये चमच्यासारखी किंचित खोलगट झालेली. विचारले तेव्हा कळले, की कॉलेज सुरू झाल्यापासून एकावर एक रंग चढत आला होता. कोरे नख तिने स्वतःही कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. जिना चढताना धाप लागते, हेही तिने त्याच दिवशी सांगितले.

नखांवरून निदान होत नसते, ते डॉक्टरांचे काम. परंतु संशय येण्याला नखे पुरतात. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८ निघाले; तिच्या वयाच्या मुलीचे ते निदान १२ तरी असावे. महिन्याच्या महिन्याला होणारा अतिरिक्त रक्तस्राव तिने लाजेपायी कोणाला सांगितला नव्हता, आणि सकाळी नुसत्या चहावर घराबाहेर पडण्याची सवय होती ती वेगळीच. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणाला लिंबाची फोड आली आणि जेवणावरचा चहा बंद झाला, कारण लिंबामुळे लोह अंगी लागण्यास मदत होते व चहामुळे अडथळा येतो. त्या नवरात्रात ती गरब्याला बसून राहिली. रंगाच्या बाटल्या कपाटातच राहिल्या.

त्या बाहेर निघाल्या तुळशीच्या लग्नाला. त्या दिवशी केलेली कृती आता सांगतो.

नखे कापून कानशीने एकाच दिशेने घासून घ्यावीत. मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नये. जंतूंना अडवणारे ते दारच आहे. नखाच्या कडेच्या कातडीवर बोटाने थोडे व्हॅसलीन लावावे, म्हणजे सांडलेला रंग सहज पुसता येतो. मात्र ते नखावर येऊ देऊ नये, नाहीतर रंग धरत नाही. आधी बिनरंगी हात द्यावा, तो वाळल्यावर पांढरा किंवा दोहोंपैकी फिका रंग लावून पूर्ण सुकू द्यावा. नखावर मेंदीचा डाग असला तरी ह्या थराखाली तो झाकतो.

आता स्पंजचा लहान तुकडा घ्यावा. पावडर लावण्याचा चालतो. भांड्यांचा घेतल्यास कोरा असावा. तो किंचित ओला करून पिळावा, नाहीतर सगळा रंग तोच पिऊन टाकतो. त्यावर दोन्ही रंगांचे पट्टे शेजारी शेजारी, एकमेकांना जरासे चढतील असे ओढावेत आणि नखावर हलक्या हाताने टिपावे. टिपताना स्पंज केसभर वरखाली सरकवला की जोड विरतो. पहिल्या वेळी रंग विरळ दिसेल, घाबरू नये. दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा पट्टे ओढून टिपावे. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. शेवटी बिनरंगी चकाकीचा हात दिला की स्पंजचा खरखरीतपणा जाऊन छटा एकजीव होते.

रंगांची निवड शेजारधर्माने करावी. पिवळा व नारिंगी, गुलाबी व जांभळा, निळा व हिरवा हे एकमेकांत गोडीने मिसळतात. लाल आणि हिरवा मिसळला की मातकट तपकिरी हाती येतो.

हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, आणि गॅस, समई, उदबत्ती ह्यांपासून दूर. रंग व रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. बोटे तोंडात घालणाऱ्या लहानग्यांना रंग लावू नये. टवके उडू लागले की कणीक मळण्यापूर्वी तो काढून टाकावा. शस्त्रक्रियेच्या वेळीही नखे कोरी ठेवावीत. बोटाला चिमटा लावून प्राणवायूचे प्रमाण मोजतात तेव्हा गडद रंगाने आकडा चुकू शकतो.

पूर्वी लग्नातली मेंदी नखावर महिनोन्‌महिने राही. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे मेंदीची रेघ टोकाकडे सरके आणि मागून गुलाबी नख उगवत येई. ते पाहण्याची सवय घरातल्या वडीलधाऱ्यांना होती. आता रंग रोज बदलतो आणि खालचे नख कोणी पाहत नाही. म्हणून आमच्या घरी एक नियम झाला आहे: दर महिन्याला आठवडाभर नखे कोरी ठेवायची, आणि उजेडात एकमेकींची पाहायची. तुळशीच्या लग्नाला पुतणीची नऊ नखे धूपछाव झाली. डाव्या करंगळीचे तिने आपण होऊन तसेच ठेवले. "काकू, हे तुमच्यासाठी," म्हणाली. ते नख किंचित गुलाबी दिसत होते.