चार मृत्यूंचा आकडा आणि न मोजलेला ताप

नरोली : कोरोनाच्या केंद्र सरकारी तक्त्यात दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशापुढे मृत्यूंच्या रकान्यात 4 हा आकडा आहे. नोंदलेले रुग्ण साडेअकरा हजारांच्या आसपास. शेजारच्या महाराष्ट्रात मृत्यू 1 लाख 48 हजारांवर गेले. त्यामुळे आपल्याकडे आजही ऐकू येतं, "हवेलीत कोरोना आलाच कुठं होता?" आला होता. बहुतेकांना तो कळला नाही, एवढंच.

कारखान्यांतला कामगार तरुण. तरुण अंगात हा विषाणू बरेचदा सर्दी, अंगदुखी करून जातो, नाहीतर काहीच करत नाही. (गंभीर रुग्ण वापी-सुरतेला नेला तर त्याची नोंद कुठल्या वहीत, हा प्रश्न वेगळाच.)

न कळलेली लागण किती असते, ते मुंबईत दिसलं. जुलै 2020 मध्ये तिथल्या तीन वॉर्डांत 6,936 जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत 16 टक्के. पालिकेच्या दप्तरी तेव्हा सव्वा कोटीच्या शहरात रुग्ण होते लाखाच्या थोडे वर. पुण्यात पाच प्रभागांत 51.5 टक्के निघाले. पुढं जून-जुलै 2021 च्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत, लस न घेतलेल्यांतही 62 टक्क्यांच्या अंगात प्रतिपिंडं होती. म्हणजे सरकारी आकडा तपासणीला पोचलेल्यांचा, लागण झालेल्यांचा नव्हे.

इथं एक फरक नीट समजून घ्यायला हवा. काहींना शेवटपर्यंत त्रास होत नाही. त्यांच्याकडून प्रसार तुलनेनं कमी होतो. पण ज्यांना उद्या-परवा ताप येणार आहे, ते आजच विषाणू वाटत फिरतात. लक्षणांच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन-चार दिवस सर्वांत घातक. कारखान्याच्या गेटवर कपाळाला लावलेली तापाची बंदूक पहिल्यांना पकडत नाही आणि दुसऱ्यांना उशिरा पकडते. तरी महिनोन्‌महिने आपण तिच्यावरच विसंबलो.

आणि ज्याला किरकोळ कणकण आहे, तो सांगेल का? नरोलीच्या चाळीत एका खोलीत चार-पाच जण, पाळीप्रमाणे आलटूनपालटून झोपणारे. ठेकेदाराच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. मग एक पॅरासिटामॉल घेऊन तो पाळीवर जातो. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण त्याचा हिशेब चुकत नाही.

ईएसआयमध्ये नाव असलेल्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो, हे खरं. पण नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. साथीच्या दृष्टीनं माणसाला घरी बसवायचे नेमके तेच दोन दिवस! खोटी रजा रोखायला हा नियम असेल, पण संसर्गाच्या काळात तो कामगाराला मशीनवर ढकलतो. ठेकेदारानं नावच नोंदवलं नसेल, तर 91 दिवसही गेले.

पुढच्या साथीसाठी ऑक्सिजन, खाटा यांची तयारी हवीच. पण साध्या तापाच्या पहिल्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार, कारखानदार, ठेकेदार की प्रशासन, हे साथ नसतानाच ठरवून घ्यायला हवं. नरोलीहून भिलाड आणि तिथून तलासरी फार लांब नाही. बंद झालेल्या नाक्यांवर माणसं अडली होती, विषाणू नाही.