फ्रेंच आले असते तर!

दिवाळीच्या फराळाला चार सुशिक्षित माणसे जमली, की चकलीबरोबर इतिहासाचाही तुकडा मोडला जातो. "इंग्रजांऐवजी फ्रेंच टिकले असते, तर आपले भले झाले असते," असे कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. का? तर म्हणे फ्रेंच रसिक, उदार, समतेचे भोक्ते! हा भ्रम निदान आम्ही चंदनसारच्या लोकांनी तरी बाळगू नये. ज्या वसईच्या नावाने या वादाचा निकाल लागला, तिचा किल्ला आमच्या शेजारीच उभा आहे.

फ्रेंचांनी १६६८ साली सुरतेस वखार घातली, ती काही आमच्या प्रेमापोटी नव्हे. पुढे दुप्लेने दक्षिणेत नबाब उठवण्या-बसवण्याचा खेळ मांडला आणि इंग्रजांनी तो त्याच्यावरच उलटवला. दोघांची विद्या एकच!

१७७७ साली सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यास आला. नाना फडणिसांनी त्याचा सन्मान केला आणि मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. बुजगावणे म्हणून त्याचा उपयोग झाला खरा; पण बुजगावणे पीक राखते, लढत नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हात टेकले, ते मराठी फौजांपुढे. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई घेतली, तेव्हा फ्रान्स कोठे होता? १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी गेली ती गेलीच. टिपूचा अनुभव तर याहून कडू. १७८३ साली युरोपात तह झाल्याची बातमी येताच, मंगळूरच्या वेढ्यात त्याच्या बाजूने लढणारे फ्रेंच बाजूला झाले!

आणि १८०२? २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला, इंग्रजी जहाजातून वसईस आला आणि ३१ डिसेंबरला त्याने तहावर सही केली. सहा हजार तैनाती शिपाई, त्यांच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपियनांना चाकरीत न ठेवण्याची अट! हा शत्रू म्हणजे मुख्यतः फ्रेंच, हे सांगायला नकोच. दोघांच्या वैराची किंमत आमच्या स्वातंत्र्यातून वळती झाली. पुढल्याच वर्षी शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ ऐन युद्धात नोकरी सोडून आपल्या संपत्तीसह इंग्रजांच्या आश्रयास गेला.

समतेचे म्हणाल, तर त्याच १८०२ साली नेपोलियनच्या राजवटीने वसाहतींत गुलामगिरी चालू ठेवण्याचा कायदा केला. पॅरिसची समता जहाजात चढत नसे.

तेव्हा पुढच्या फराळाला कोणी हा विषय काढलाच, तर त्याला एवढेच विचारा: बाबा रे, कोणता धनी बरा, याचा हिशेब करण्यापूर्वी आपल्याला धनी हवाच, हे तू कधी आणि कोणाच्या वतीने कबूल केलेस?