चूक माझ्या कानांची

गेल्या रविवारी बोरिवलीहून गोराई गावात जाणाऱ्या बोटीत शेजारी एक बँडवाले काका बसले होते. मांडीवर क्लॅरिनेटची पेटी, ओठांत रीड. कोरडी रीड नीट बोलत नाही, म्हणून खाडी ओलांडेस्तोवर ते ती भिजवत होते. गावात ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरचं लग्न होतं. ‘उंबराच्या पाण्या’च्या विधीसाठी वऱ्हाड विहिरीवर निघालं, की पुढे बँड हवाच. क्लॅरिनेट हे वाद्य मूळचं जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. गोराईत त्याला परकं कोण म्हणेल?

काकांकडे बघताना मला वॉल्टर कॉफमन आठवले; तेही त्या क्लॅरिनेटसारखे दुरून आलेले. आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती धून ज्यांची मानली जाते, ते संगीतकार. जन्म १९०७चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबादचा; घर जर्मन बोलणाऱ्या ज्यूंचं. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्या हाताखाली शिकले. प्रागच्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेट हाताशी आली होती, पण आपले मार्गदर्शक नाझींच्या युवक संघटनेचं काम करतात हे कळल्यावर त्यांनी ती पदवी नाकारली. १९३४च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले.

आपल्या रागसंगीताच्या रेकॉर्ड त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या, तेव्हा त्यांना काहीच उमगेना. युरोपातला एखादा पढीक माणूस तिथेच नाक मुरडून मोकळा झाला असता. कॉफमन यांनी मात्र वेगळा विचार केला. लाखो माणसं ज्या गाण्यावर जीव टाकतात ते निरर्थक असणार नाही, तेव्हा चूक आपल्या ऐकण्याची. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. नुसतं कौतुक करून ते थांबले नाहीत, शिकायला बसले.

मुंबईत आले त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. विलिंग्डन जिमखान्यात दर आठवड्याला मैफल होऊ लागली. १९३७ ते १९४६ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. त्या धुनेत खाली तानपुरा, वर व्हायोलिन. व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगितलं जातं. स्वर शिवरंजनीचे. त्यातला कोमल गंधार कानावर पडला, की आजही पहाटेच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह आणि आईची लगबग आठवते.

१९४६ साली ते मुंबईतून गेले. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. पण मुंबईत जडलेला नाद सुटला नाही. १९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला, पुढे दक्षिणेच्या रागांवरचाही. १९८४ साली ते अमेरिकेतच वारले.

आपल्या तीन पिढ्या त्या धुनेने जाग्या झाल्या, पण तिच्यामागे हे नाव मी रेडिओवर एकदाही ऐकलेलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. लग्नातल्या बँडवाल्याचं नाव कोणी विचारत नाही, तसंच हे. १ एप्रिल हा कॉफमन यांचा जन्मदिवस. त्या सकाळी धून संपली, की निवेदकाने एवढंच म्हणावं : रचना, वॉल्टर कॉफमन. बातम्यांना तेवढ्याने उशीर होणार नाही.